ओट्यांच्या यादीची आणि दोन जारांची कैफियत

श्री एकवीरा प्रसन्न.

शके एकोणीसशे एकवीस, प्रमाथीनाम संवत्सर, श्रावणमास. ठाणे शहरी खाडीकाठच्या कोळीवाड्यात मासळीबाजाराच्या ओट्यांवरून जो कलह माजला, आणि तो मिटविणेकरिता डोंबिवली व कल्याण येथे जावा नामे संगणकी भाषेशी जो घोर संग्राम करावा लागला, त्याचे वर्तमान जैसे घडले तैसे, पदरचे काही न घालता, येथे लिहिले असे. ज्यांस संगणकाचा गंध नाही त्यांनी भिऊ नये. ज्यांस आहे त्यांनी वाचता वाचता दुरुस्त्या सुचवू नयेत.

प्रथम कलहाचे मूळ. बाजारात ओटे अठ्ठावीस. पैकी पहिला दरवाजालगत, तेथे गिऱ्हाईक आपसूक येऊन उभे राहते, सबब तो तख्तासमान. आणि अठ्ठाविसावा पाठीमागे मोरीच्या तोंडाशी, तेथे साऱ्या बाजाराचे पाणी येऊन विक्रेतीच्या पायांखाली मुक्काम करते. दरसाल नारळी पौर्णिमेपूर्वी ओटे पाळीने बदलावे, बाळंतपणात वा सुतकात ज्या बाईची पाळी हुकली तिला ती मागाहून भरून द्यावी, सासूची पाळी सुनेकडे चालवावी, ऐसा वडिलोपार्जित कायदा. या सर्वाची वही मंडळाचे कारकून गोमाजीभाऊ यांजपाशी असे. परंतु तीन वर्षांपूर्वी वहीवर बर्फाची पाटी वितळली आणि पाने एकास एक चिकटली, आणि गोमाजीभाऊंनी ऐसा ठराव काढिला की पाने सुटेपर्यंत जी जेथे बसली आहे तिने तेथेच बसावे. पाने काही सुटली नाहीत. आणि अठ्ठाविसाव्या ओट्यावर त्या साली बसल्या होत्या मातुश्री शेवंतीबाई नाखवा, त्या तीन वर्षे मोरीच्या पाण्यात पाय ठेवून बसल्या, आणि पायांस चिखल्या होऊन बोटांच्या बेचक्या ऐशा फुटल्या की चपलेत फडके बांधल्याखेरीज पाऊल टाकवेना.

त्या बाईंचे चिरंजीव राजश्री गुणाजी. शिक्षण डिप्लोमापर्यंत, वय पंचवीस, चाकरी डोंबिवलीस दौलतराव नामे सरदारांच्या संगणक कचेरीत. मातुश्रींचे पाय पाहून गुणाजीस राहवेना. त्याने मंडळाच्या अध्यक्षा भीमाबाई यांजकडे अर्ज गुदरला की वहीची जी पाने वाचता येतात ती घेऊन, बाकीचे बायांच्या तोंडून वदवून, पाळीचा हिशेब संगणकास सांगावा, तो न रागावता, न थकता, कोणाचा पुतण्या न होता यादी काढील. भीमाबाई विचारी बाई. त्यांनी हुकूम केला की श्रावण शुद्ध त्रयोदशीस दुपारी चार वाजता मंडळाच्या सभागृहात, सर्वांदेखत, यंत्राने यादी छापावी. छापली तर ती मान्य. न छापली तर आणखी एक वर्ष जी जेथे आहे ती तेथेच. गोमाजीभाऊंनी हरकत घेतली की यंत्र शेवंतीच्या लेकाचे आहे. तेव्हा पुरवणी हुकूम जाहला की नावे व मागील पाळ्या सभेतच, खुद्द गोमाजीभाऊंनी मोठ्याने वाचाव्या आणि तेथेच यंत्रात भराव्या.

येणेप्रमाणे अटी ठरल्या आणि गुणाजी मोहिमेस लागला.

दौलतरावांची कचेरी डोंबिवली पूर्वेस एका पिठाच्या गिरणीच्या माथ्यावर होती. तेथील यंत्रांवर सदैव पिठाचा बारीक थर असे आणि कळफलक झटकल्यावर एका भाकरीपुरते पीठ निघे, ऐसे कोणी म्हणतात; ते अतिशयोक्त आहे, अर्धीपुरते निघे. सरदारांनी एक यंत्र, पडदा व छपाईयंत्र त्रयोदशीपुरते बक्ष केले. गुणाजीने प्रोग्राम रचिला, त्यास नाव दिले 'ओटेवारी'. त्याला बाहेरून जोडावयाचे दोन मदतगार होते, ज्यांस प्लगइन म्हणतात: एक पाळी काढणारा, तो गुणाजीने चैत्रात स्वहस्ते लिहिलेला, दुसरा छपाई करणारा, तो नवा, मराठी अक्षर सुबक उमटविणारा. आणि दोघांचेही पोट एकाच जारवर अवलंबून. जार म्हणजे दुसऱ्या कोणी लिहून ठेवलेल्या कामाची बंद पेटी. आपण ती जवळ ठेवावी आणि लागेल ते आतून मागावे. या जारचे काम यादी मांडण्याचे. परंतु पाळीवाल्यास तिची पहिली आवृत्ती चाले, दुसरी चालत नसे. आणि छपाईवाल्यास दुसरीच पाहिजे, पहिलीकडे तो पाहत नसे. दोन जावा एका चुलीवर.

नवमीस गुणाजीने प्रोग्राम बांधावयास, म्हणजे सुटे भाग जुळवून चालता करावयास, घेतला, तो जावाचे फर्मान सुटले की छपाईवाला जे काम सांगतो ते या जारमध्ये आढळत नाही, सबब बांधकाम रद्द. गुणाजीने जाणले की दुसरी आवृत्ती आणल्याशिवाय गत्यंतर नाही, आणि ती मिळते फक्त इंटरनेटवर, आणि कचेरीत इंटरनेट नाही. मग दशमीस सकाळी तीन फ्लॉपी खिशात घालून, रिक्षा करून, खासा गुणाजी कल्याणावर चालून गेला.

कल्याणास गुणाजीचा स्नेही काळुराम याचे घरी मोडेम होते. परंतु ते घरच्याच टेलिफोनच्या तारेवर चाले, आणि त्या तारेवर काळुरामाची पत्नी कांताबाई यांचा पूर्वापार अंमल होता. जार निम्मी उतरली की कांताबाईंनी रिसीव्हर उचलावा आणि टिटवाळ्यास माहेरी विचारावे की मंगळागौरीस किती बायका येणार, आणि तेवढ्याने उतरलेले सर्व वाहून जावे. ऐसे तीन वेळा घडले. चौथ्या वेळी काळुरामाने पत्नीस हात जोडले, तो कांताबाई शांतपणे म्हणाल्या, "तुमचं ते उतरेपर्यंत मी काय टिटवाळ्याला चालत जाऊ?" मग तह जाहला: कांताबाईंनी एक तास रिसीव्हरास हात लावू नये, आणि त्याबदली श्रावण सरताच गुणाजीने पापलेटांची एक जोडी, मध्यम, ताज्या डोळ्यांची, घरपोच करावी. कांताबाईंनी 'ताज्या डोळ्यांची' हे दोनदा वदवून घेतले, आणि तह अक्षरशः पाळला. जार उतरली, तीन फ्लॉप्यांत तुकडे करून भरली, आणि डोंबिवलीस पोहोचल्यावर तिसरी फ्लॉपी मुकी निघाली. एकादशीस पुन्हा कल्याण. त्या उपवासाच्या दिवशी कांताबाईंनी साबुदाण्याची खिचडी खाऊ घातली आणि तहातल्या एका जोडीच्या दोन जोड्या केल्या.

द्वादशीस दुसरी आवृत्ती अखंड यंत्रात दाखल जाहली. गुणाजीने ती छपाईवाल्याच्या फोल्डरात ठेविली, पहिली पाळीवाल्याच्या फोल्डरात ठेविली, प्रत्येकास आपली जार दिसेल आणि शेजाऱ्याची दिसणार नाही ऐसा बंदोबस्त केला, आणि बांधावयाचा हुकूम दिला. जावाने तेच फर्मान फिरून काढिले, एका अक्षराचाही फरक नाही. गुणाजीने जार पुसून फिरून ठेविली. तेच. मुख्य फोल्डरात ठेविली. तेच. दौलतराव मसलतीस आले आणि त्यांनी यंत्र बंद करून चालू करविले, मग पुन्हा बंद करून अंमळ थांबून चालू करविले, मग कळफलकाचे पीठ झटकविले. तेच. शेवटी सरदार म्हणाले की घोळ कोडमध्येच असेल, आणि खाली दळण न्यावयास गेले. गुणाजीच्या मनात आले की उद्या चार वाजता अठ्ठावीस बायांसमोर काळा पडदा घेऊन उभे राहावे लागेल, आणि गोमाजीभाऊ हसणारदेखील नाहीत, नुसती वही बगलेत मारतील, आणि आपली आय आणखी एक वर्ष पाण्यात बसेल. त्या दिवशी त्याने भाकरी अर्धी टाकिली.

त्रयोदशी उजाडली. दोन वाजता यंत्र नेण्यास टेम्पो येणार. साडेअकरापर्यंत गुणाजीने सतरा वेळा बांधले आणि सतरा वेळा फर्मान झेलिले. इतक्यात जिन्यावर पावलांचा सावकाश आवाज जाहला, आणि मातुश्री शेवंतीबाई वालाच्या बिरड्याचा डबा घेऊन खासा दाखल जाहल्या. ठाण्याहून डोंबिवली, त्या पायांनी. स्टुलावर बसल्या, चपलेतले फडके नीट केले, आणि मुलाचा चेहरा पाहून विचारत्या जाहल्या, "काय झालंय रं?"

गुणाजी म्हणाला, "काही नाही, आये. दोघांना आपापला वाटा दिलाय. तरी दोघं जुनाच माल उचलतात."

वाटा हा शब्द कोळ्याच्या कानी हलका पडत नाही. जाळे खेचून आणल्यावर मासळीचे वाटे पडतात: प्रत्येक खलाशास एक, जाळ्यास एक, आणि होडीस, जीस कोळीवाड्यात होरी म्हणतात, तिचा एक. होरी काही खात नाही, तरी तिचा वाटा कोणी चुकवीत नाही. म्हणून शेवंतीबाईंनी बिरड्याचे झाकण काढता काढता सहज पुसले, "नि होरीचा वाटा?"

"तो चैत्रातच काढला," गुणाजी म्हणाला, आणि बोलता बोलता थांबला.

कारण खरेच काढिला होता. चैत्रात हे यंत्र कचेरीत नवे आले, तेव्हा गुणाजीने त्यास हळदकुंकू वाहिले, नारळ फोडिला, आणि आपल्या घराण्याची रीत म्हणून, या यंत्रावर जे काही कमावू त्यात यंत्राचाही वाटा असावा म्हणून, यादीच्या जारची पहिली आवृत्ती जावाच्या स्वतःच्या कोठारात, विस्ताराचे म्हणून जे खास फोल्डर असते त्यात, भक्तिभावाने ठेविली होती. उभ्या डोंबिवलीत दुसऱ्या कोणा प्रोग्रामरास हे सुचले नसते.

शेवंतीबाई म्हणाल्या, "मंग बरोबर हाय. होरीचा वाटा पयला उचलतान, मंग बाकीच्यांचा. तुझ्या होरीत शिली मासली परलीय. ती काढ आधी, नि जेव."

आणि जावाच्या दरबाराचा कायदा हुबेहूब हाच. कोणीही, कोणतीही जार मागो, कोठावळा प्रथम खास कोठारात पाहतो. तेथे सापडली तर तीच हाती ठेवतो, आणि मागणाऱ्याच्या पानात काय वाढले आहे याकडे ढुंकून पाहत नाही. गुणाजीने दोन दिवस पानांत जार बदलल्या. कोठावळा प्रत्येक वेळी कोठारातली शिळीच काढून देत होता. मग गुणाजीने कोठार उघडिले, तो चैत्रातली जार तेथे निवांत बसलेली. तिला नमस्कार केला आणि पुसून टाकिली. मग अठराव्या खेपेस बांधावयाचा हुकूम दिला. कोठावळा कोठारात गेला, रिकामा परतला, आणि निरुपाय होऊन ज्याचा त्यास वाटा देता जाहला: पाळीवाल्यास पहिली, छपाईवाल्यास दुसरी. पडद्यावर फर्मान आले नाही. काहीच आले नाही. जावा जेव्हा गप्प बसते तेव्हा ती प्रसन्न असते. गुणाजी बिरडे जेवला, सगळे जेवला, आणि डबा बोटाने पुसून घेतला.

दोन वाजता टेम्पो निघाला. पडदा गोधडीत गुंडाळून शेवंतीबाईंच्या मांडीवर, यंत्र गुणाजीच्या मांडीवर, छपाईयंत्र मधे, ऐसी स्वारी कळवा नाका उलटून खाडी ओलांडून पावणेचारास सभागृही दाखल जाहली.

चार वाजता गोमाजीभाऊ उभे राहिले आणि नावे वाचू लागले, एकेक नाव स्पष्ट, एकेक पाळी स्पष्ट, कारण त्यांची अशी खात्री की चूक काढावयाची तर आपल्या बाजूने कसूर नसावी. गुणाजी टंकीत गेला. अठ्ठावीस नावे जाहली. मग कळ दाबिली, आणि छपाईयंत्र कर्कश ओरडत, मान इकडून तिकडे फिरवीत, कागद बाहेर टाकू लागले, आणि बाया पदर तोंडाशी धरून पाहू लागल्या. भीमाबाईंनी कागद फाडून घेतला, चष्मा लाविला आणि वाचिला. पहिला ओटा वृद्ध सगुणाबाईंस. त्यांस ऐकू कमी, तीनदा सांगावे लागले, मग त्या रडल्या. चौथा ओटा, खिडकीखाली, कोरडा, शेवंतीबाई नाखवा यांस. ऐसे वाचीत वाचीत भीमाबाई शेवटच्या ओळीवर आल्या. अठ्ठाविसावा ओटा कलावतीबाई यांस. कलावतीबाई म्हणजे गोमाजीभाऊंचे कुटुंब.

गोमाजीभाऊ म्हणाले, "मशीन चुकली असणार."

भीमाबाईंनी चष्मा काढिला. "नावं तुम्हीच वाचलीत, गोमाजीभाऊ. पाळ्यापण तुम्हीच."

यादीवर अध्यक्षांची सही, कारकुनाची सही, आणि अठ्ठावीस अंगठे व सह्या जाहल्या. कलावतीबाई घरी काय बोलल्या याचे कागद उपलब्ध नाहीत; परंतु नारळी पौर्णिमेनंतर चौथ्या दिवशी, दर्या खुला होऊन बाजार भरताच, गोमाजीभाऊ स्वतः गवंडी घेऊन आले, मोरीचे तोंड भिंतीपलीकडे फिरविले, वर लादी बसविली, आणि गवंडी निघून गेल्यावर एक बादली पाणी ओतून ते कोठे जाते हे उकिडवे बसून पाहिले. ते पलीकडे गेले.

त्या दिवसापासून बाजारात अठ्ठावीसच्या अठ्ठावीस ओटे कोरडे आहेत. कचेरीत दौलतरावांनी जाहीरनामा लाविला की जावाच्या कोठारात कोणी, कोणत्याही भक्तिभावाने, काहीएक ठेवू नये. आणि भाद्रपद शुद्ध पंचमीस शेवंतीबाई चौथ्या ओट्यावरून उठल्या, चपलेतले फडके सोडून टोपलीवर वाळत टाकिले, आणि अनवाणी चालत घरी गेल्या. येथे मोहीम फत्ते जाहली ऐसे दप्तरी नमूद केले असे. बहुत काय लिहिणे.