ग्रंथपालांनी सगळंच पुसलं

निवृत्त ग्रंथपालांनी एन्टर दाबला आणि स्क्रीनवर फायलींची नावं भराभर वर पळायला लागली. वाचक मंडळाची वेबसाइट बनवायचं खूळ त्यांच्या डोक्यात शिरून आठ दिवस झाले होते. लेकीनं स्वतःच्या कॉम्प्युटरवर सगळी मांडामांड करून दिली होती आणि कागदावर लिहून बजावलं होतं, चुकलात तर फक्त वेबसाइटचं फोल्डर पुसा. पण चाळीस वर्षं ग्रंथालयात काढलेला माणूस तो! आवरायचं तर एक कप्पा कशाला, अख्खं कपाटच आवरावं, म्हणून त्यांनी सरसकट सगळ्या फायली पुसायचा हुकूम सोडला होता.

मग एकदम आठवलं, लेकीचा प्रबंध! परवा द्यायचा होता आणि होता याच कॉम्प्युटरवर. त्यांनी कोपरान्‌कोपरा धुंडाळला. प्रबंधाचा मागमूस नाही.

"अगं, घात झाला! पोरीची चार वर्षांची मेहनत पुसली मी!"

"तरी सांगत होते, नसत्या भानगडीत पडू नका!" बायकोनं कपाळावर हात मारला, पण बाई धीराची. "तिचा जुना खर्डा माळ्यावर आहे. मी वाचते, तुम्ही टाइप करा."

तीन तास दोघं जुंपली होती. ग्रंथपालांचं एकच बोट चालत होतं. खर्ड्यात जिथे आकडे पुसट झाले होते, तिथे दोघांच्या विचारानं अंदाजे आकडे पडले.

लेक आली. ग्रंथपाल उठून उभे राहिले.

"बाळा, तुझा प्रबंध घालवला मी. काय बोलायचं ते बोल."

लेकीनं स्क्रीनभर पसरलेली चौकट लहान केली. मागे तिचा नेहमीचा डेस्कटॉप होता आणि त्यावर प्रबंध, जसाच्या तसा.

"बाबा, तुम्ही वापरत होतात तो माझ्या कॉम्प्युटरच्या आत बसवलेला खोटा कॉम्प्युटर. त्यात काहीही उलथापालथ करा, बाहेर ओरखडा उठत नाही. प्रबंध त्यात कधी नव्हताच."

ग्रंथपाल मटकन खुर्चीत बसले. इतकं हायसं त्यांना निवृत्तीच्या दिवशीही वाटलं नव्हतं. "अगं, मग आधी नाही का सांगायचं?"

"खोट्यावर शिकायला तुम्ही तयार झाला असतात?" लेक त्या चौकटीतली टाइप केलेली पानं वाचत होती. "आणि हे आकडे कुठून आले?"

"आईचे आहेत ते," ग्रंथपाल घाईघाईनं म्हणाले.

आईनं नवऱ्याकडे एकदा नीट बघितलं.

"काय गं," ती लेकीला म्हणाली, "यांना असंच एक खोटं स्वयंपाकघर काढून देता येईल का?"