कापसाच्या खोलीतलं अस्वल

रोहिदास सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते छातीपर्यंत कापसात बसून कोल्ह्यासारखे ओरडत होते. हातात मोबाइल, डोक्यावर कापसाचे पुंजके, आणि अंगाला खाज सुटली असली तरी खाजवायचं नाही, कारण खाजवल्याचाही आवाज येतो. मी नवीन रुजू झालेला शिक्षक, हजर झाल्याचं पत्र द्यायला त्यांच्या घरी गेलो होतो. त्यांनी बोटानेच मला गप्प केलं, आणखी दोनदा कोल्हेकुई केली, आणि मग म्हणाले, "या सर. बसा. कापसावरच बसा."

दोंडाईच्याहून अर्ध्या तासावरचं आमचं गाव. शाळा जिल्हा परिषदेची, शिक्षक दोनच. ते मुख्याध्यापक आणि मी उरलेला सगळा स्टाफ. आमच्याकडे भाव वाढेल या आशेवर लोक घरातली एक खोली कापसाने गच्च भरून ठेवतात. त्या खोलीत आवाज घुमत नाही, बाहेरचा आत येत नाही, हा शोध रोहिदास सरांचा. शहरात लोक यासाठी भिंतींना काय काय चिकटवतात म्हणे. सरांनी फक्त खोलीत शिरून दार लावून घेतलं. वहिनींना बाहेरून एकच काम, कुकर लावायचा नाही.

हा सगळा खटाटोप शाळेतल्या टॅबवरच्या गोष्टींसाठी. सरांच्या गोष्टी सरळ जात नाहीत. प्रत्येक वळणावर अडतात. म्हातारी नदीपाशी येते आणि थांबते. पडद्यावर दोन चित्रं येतात, नाव आणि पूल. पोरांनी ठरवायचं. गोष्टीतली माणसं आणि जनावरं अहिराणी बोलतात, कारण पोरं घरी तेच बोलतात. पण उत्तर द्यायचं ते पुस्तकाच्या मराठीत, तेही मोठ्याने, पूर्ण वाक्यात. "आधी बोल, मग दाब," हे सरांचं घोषवाक्य. टॅबला यातलं काही कळत नाही, तो नुसत्या बोटानेही पुढे जातो. पण सर मागे उभे असतात.

मी येण्याआधी धुळ्याच्या प्रशिक्षणात सरांना तयार गोष्टी मिळाल्या होत्या. त्यातला कोल्हा रेडिओवर बातम्या द्याव्यात तसा बोलायचा. "मित्रा, मला क्षुधा लागली आहे." आमच्या तिसरीच्या वर्गाने ते ऐकून घेतलं आणि एका पोरीने निकाल दिला, "सर, हाऊ कोल्हा आपला नही शे." सरांना इतकं पटलं की त्याच संध्याकाळी ते कापसात शिरले.

आपला कोल्हा आला तेव्हा वेगळीच पंचाईत झाली. म्हातारी एकटी जंगलातून जाणार म्हटल्यावर पोरं हटून बसली. "तिले फटफटीवर बसाडी द्या ना सर!" सरांनी दोन रविवार मोडून गोष्टीत मोटारसायकल घातली. मग म्हातारी तीन मिनिटांत लेकीच्या घरी पोहोचली आणि कोल्हा बिचारा रस्त्यातच राहिला. सर म्हणाले, "चालेल. गोष्टीला आणखी एक फाटा वाढवू." त्यांच्याकडे कोणत्याही अडचणीवर तेवढाच इलाज होता.

आवाजाच्या बाबतीत मात्र त्यांना काही चालत नसे. वाक्याच्या मागे कावळा ओरडला, पुन्हा. म्हणणाऱ्याने आवंढा गिळला, पुन्हा. पिठाच्या गिरणीवाल्याकडून "अरे बाप रे" हे तीन शब्द त्यांनी चौदा वेळा म्हणवून घेतले. शेवटच्या वेळी त्यात खरी भीती आली, ती सरांचीच असावी. पुढे पुढे सर मोबाइल घेऊन येताना दिसले की पारावरची माणसं उठून शेताकडे चालू लागत. मी भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेला. मला अहिराणी समजते, बोलता येत नाही, त्यामुळे मी सुटलो. सर मला 'मुका स्टाफ' म्हणत.

एके दिवशी गोष्टीत अस्वल आलं. सरांनी स्वतः आवाज काढून पाहिला, तो सर्दी झालेल्या कोल्ह्यासारखा आला. मग ते बराच वेळ मोबाइल पुसत बसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "हिलाल आबांचा आवाज चांगला शे. तुम्ही जाऊन या."

हिलाल आबा म्हणजे सरांचे सख्खे थोरले भाऊ. एकाच गल्लीत, सहा घरं सोडून राहतात, आणि दोघांत नऊ वर्षं बोलणं नाही. भांडण जमिनीचं नाही, पत्रिकेचं. सरांच्या मुलीच्या लग्नपत्रिकेत सरांनी सगळे ऱ्हस्वदीर्घ तीन वेळा तपासले, छापखान्यात स्वतः बसून अनुस्वार दिले, आणि 'आपले विनीत'मध्ये आबांचंच नाव राहून गेलं. चारशे पत्रिका वाटून झाल्यावर ते लक्षात आलं. आबा लग्नाला आले नाहीत. सर माफी मागायला गेले नाहीत, कारण चूक इतकी मोठी होती की तिच्यासाठी कोणतं वाक्य पुरेल ते त्यांना सुचेना. हे मला गावाने सांगितलं. सर या विषयावर बोलत नसत.

आबांचा आवाज खरोखरच डोंगरातून आल्यासारखा. मी येण्याचं कारण सांगितलं तेव्हा ते काही वेळ तंबाखू मळत राहिले. मग म्हणाले, "मास्तरनी धाडं का?" मी हो म्हटलं. ते उठून त्यांच्याच कापसाच्या खोलीत जाऊन बसले. मी सरांनी वाक्य लिहून दिलेला कागद धरला. आबांनी एकदाच म्हटलं, "कोण शे रे तठे? ये, घरमा ये." कावळा नाही, आवंढा नाही, काही नाही.

सरांनी ते शाळेच्या निंबाखाली कानाला लावून ऐकलं. पाच-सहा वेळा ऐकलं. म्हणाले, "पुन्हा घ्या. स्पष्ट नाही."

मी पुन्हा गेलो. पुन्हा तेच. आठवड्यात चार वेळा मी त्या गल्लीतून गेलो. चौथ्या वेळी मला शंका आली म्हणून मी सरांना मुद्दाम पहिलंच रेकॉर्डिंग परत ऐकवलं. सरांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "आता जरा बरं आहे. अजून एकदा घ्या." तेव्हा मला कळलं की या माणसाला अस्पष्ट काहीच वाटत नव्हतं.

आबाही कधी नको म्हणाले नाहीत. फक्त निघताना विचारायचे, "आवडनं का त्याले?"

पाचव्या खेपेला आबांनी स्वतःच सांगितलं. घशात गाठ निघाली होती. धुळ्याला ऑपरेशन ठरलं होतं, तीन आठवड्यांनी. "डॉक्टर सांगस, आवाज ऱ्हाई का नही, काही सांगता येत नही." बैल विकायचा की ठेवायचा, हे सांगावं तसं ते सांगत होते. दारात उभ्या सुमनअक्का, आबांची बायको, पदर तोंडाशी धरून आत गेल्या.

मी धावत शाळेत आलो. सरांना सगळं माहीत होतं. गल्लीत सहा घरांच्या अंतरावर अशी बातमी लपत नाही. ते फळा पुसत होते, तो स्वच्छच होता. म्हणाले, "अस्वलाचं काम वाढवावं लागेल."

त्यानंतर जे कागद आले ते वाचून मला वाटलं, सरांचा तोल गेला. पहिल्या दिवशी अस्वल म्हणत होतं, "पानी दे." ठीक आहे. दुसऱ्या दिवशी, "पंखा कमी कर." तिसऱ्या दिवशी, "बीपीनी गोळी दिधी का?" आबांनी कागद लांब धरून वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "आते अस्वलले बीपी शे का?" मी म्हटलं, सरांची गोष्ट आहे, काहीही होऊ शकतं. आबा हसले. मग हसू ओसरलं, आणि त्यांनी कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला. ही वाक्यं कोणासाठी आहेत ते त्यांना माझ्या आधी कळलं होतं.

त्या दिवसापासून आबा तयारीने बसू लागले. आधी चूळ भरायची, मग कापसात शिरायचं, एकेक वाक्य सावकाश म्हणायचं. पाठ दुखस. उजेड कर. सुमन, चहा टाक. सुरतला राहणाऱ्या मुलाचं नाव, सुनेचं, नातवंडांची. सरांच्या कागदावर नसलेलीही वाक्यं ते सांगू लागले, "हाई बी घी ल्या." मी घेत गेलो. मला ते काम नकोसं झालं होतं आणि सोडवतही नव्हतं. दोन भाऊ माझ्या मोबाइलमधून एकमेकांचं इतकं ऐकत होते, आणि सहा घरं कोणी चालत नव्हतं.

ऑपरेशन झालं. गाठ निघाली, आबा वाचले, आवाज गेला.

आबा घरी आल्याच्या चौथ्या दिवशी सरांनी माझ्यासमोर एक नवा टॅब ठेवला, स्वतःच्या पैशांनी आणलेला. पडद्यावर चित्रांच्या ओळी. तांब्या, पंखा, गोळी, कप. पोरांच्या गोष्टीत असतात तशीच मोठी, बोटाला सापडणारी चित्रं. "एवढं देऊन या," ते म्हणाले.

मी नाही म्हटलं. नोकरीत पहिल्यांदाच. "सर, मी मुका स्टाफ आहे. मी मागे येतो, पुढे तुम्ही चला."

सरांनी टोपी घातली, काढली, परत घातली आणि निघाले. सहा घरं चालायला त्यांना किती वेळ लागला ते मी पाहिलंय. आबांच्या दारात पोहोचल्यावर त्यांना उंबरा ओलांडता येईना. सुमनअक्काच म्हणाल्या, "भाऊ, या ना." सरांनी आत येऊन टॅब अक्कांच्या हाती दिला आणि भिंतीला टेकून उभे राहिले, शिक्षा झालेल्या पोरासारखे.

आबा खाटेवर बसलेले, गळ्याला पट्टी. त्यांनी टॅब मांडीवर घेतला आणि कप दाबला. "सुमन, चहा टाक." खोलीत तो आवाज भरला. अक्का "टाकते, टाकते" म्हणत चुलीकडे वळल्या आणि अर्ध्या वाटेत खाली बसून रडल्या. आबांनी मग एकामागून एक सगळं दाबून पाहिलं. पाणी, पंखा, गोळी. मुलगा, सून, नातवंडं. मग ते काहीतरी शोधू लागले. पडदा वर सरकवला, खाली सरकवला. पुन्हा वर. शेवटी मान उचलून सरांकडे पाहिलं आणि रिकामा पंजा हलवला.

सर म्हणाले, "माझं नाव नाही त्यात, आबा. कागदावर लिहायचो आणि खोडायचो. कोणत्या तोंडाने सांगू, माझं नाव घ्या म्हणून? राहून गेलं." आणि आता ते नाव आबांच्या आवाजात कधीच भरता येणार नव्हतं, हे खोलीतल्या चौघांनाही कळत होतं.

आबांनी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. अगदी तळाशी बैलाचं चित्र होतं. ते वाक्य आबांनीच आग्रहाने घालायला लावलं होतं, कारण त्यांचा म्हातारा बैल दुसऱ्या कोणाच्या आवाजाला जुमानत नाही. आबांनी सरांवरची नजर न काढता त्यावर बोट ठेवलं.

"सर्ज्या, अठे सरक!"

मागच्या गोठ्यात बैल हंबरला. सरांनी "ओ आबा" म्हटलं आणि खाटेच्या पार कडेला, टेकलं न टेकलं असे बसले.

आबांनी पुन्हा बटण दाबलं. सर आणखी सरकले.