कायोटीसाठी कोणती गोळी?

ऑर्लिन टेकेटने काडतुसांची पेटी काउंटरवर ठेवली आणि मुकाट्याने घरी जायचं सोडून विचारलं, "कायोटीला ही चालेल ना?"

ट्वायलाच्या पेंडीच्या दुकानात शेगडीभोवती कॉफी ढोसत बसलेल्यांना एवढं निमित्त पुरतं. त्यातल्या डेल्मरने, म्हणजे ऑर्लिनच्या कुंपणापलीकडच्या शेजाऱ्याने, खुर्चीतूनच मान लांब केली.

"शंभर ग्रेन वजनाची गोळी? कायोटी मारतोयस की रेडा? अरे, अठ्ठावन्नची घे. हलकी, वेगाने जाते, आत शिरून फुटते. कातड्याला एवढंसं भोक."

"मला कातडं नकोय. मला कोकरं वाचवायचीत."

"मग काय झालं? काम नीटनेटकं नको का?"

ऑर्लिनला कोकरांची काळजी होती ती उगीच नाही. गेल्या वसंतात कोल्ह्यासारख्या ह्या कायोटींच्या एका जोडीने त्याची चौदा कोकरं पळवली होती. त्यावर त्याच्या बायकोने, आर्डिसने, शांतपणे जाहीर केलं होतं की यंदा पाचाच्या वर गेली तर मेंढ्या विकायच्या आणि कॅस्पर शहरात नदीनच्या शेजारी राहायला जायचं. नदीन म्हणजे आर्डिसची बहीण. तिच्या शेजारचा तो फ्लॅट ऑर्लिन बघून आला होता. खिडकीतून फक्त गाड्या उभ्या दिसायच्या, आणि नदीनचा नवरा रोज दुपारी पत्ते कुटायला बोलवायचा. मेंढ्या व्यायला आठ दिवस राहिले होते.

त्याने अठ्ठावन्नची पेटी घेतली.

आता गोळी बदलली की बंदुकीवरची नेमाची दुर्बीण नव्याने जुळवावी लागते, कारण हलकी गोळी वर लागते, जड गोळी खाली. ऑर्लिनने गवताच्या गठ्ठ्यावर चर्चच्या जेवणातून उरलेली कागदी ताटली ठोकली, शंभर पावलांवर पिकअप उभी केली आणि बॉनेटवर बंदूक टेकून धडाधड वीस गोळ्या झाडल्या. संध्याकाळपर्यंत ताटलीच्या मधोमध चाळण झाली. खांदा दुखत होता, पण गडी खूश होता.

दुसऱ्या दिवशी तो मेंढ्यांना चाटायला मिठाचे ठोकळे आणायला गेला आणि ही खुशी ट्वायलाला सांगून बसला.

"अठ्ठावन्न?" ट्वायलाने चष्मा कपाळावर चढवला. "ह्या वाऱ्यात? अरे बाबा, गेल्या आठवड्यात माझ्या दारावरची पाटी उडाली ती अजून सापडली नाही. तुझी गोळी नेब्रास्कात जाऊन पडेल. सत्त्याऐंशीची घे."

"पण डेल्मर म्हणाला—"

"डेल्मरने शेवटचा कायोटी मारला तो पिकअपखाली घालून. आणि तोही मागे घेताना!"

सत्त्याऐंशीची पेटी आली. नवी ताटली, नवी जुळवाजुळव, पुन्हा दिवसभर धाड धाड. आर्डिस अंगणात कपडे वाळत घालताना एवढंच म्हणाली, "ताटल्यांची चांगली शिकार चाललीय."

रविवारी चर्चच्या दारात पाद्रीबाबांनी हस्तांदोलनाला घेतलेला हात सोडलाच नाही.

"सत्त्याऐंशीवर गेलास म्हणे. अंतर किती पडतं तुला?"

"दोनशे, सव्वादोनशे पावलं."

"हं." पाद्रीबाबांनी डोळे मिटले. ते आशीर्वाद देताहेत असं मागच्या रांगेला वाटलं. "पंचाहत्तर. सगळ्यांतला मधला मार्ग."

देवाच्या दारात मिळालेला सल्ला डावलायची ऑर्लिनची छाती नव्हती. सोमवारी पंचाहत्तरची पेटी घेऊन तो पुन्हा बॉनेटवर आडवा झाला. ते डेल्मरला कळलं, त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या आणि तो कुंपणावरून ओरडला, "पाद्र्याचं ऐकतोस आणि माझं नाही?" ऑर्लिन भिडस्त माणूस. त्याने मंगळवारी पुन्हा अठ्ठावन्न जुळवली.

बुधवारी पहाटे पहिली मेंढी व्यायली, आणि उजाडता उजाडता टेकाडावर कायोटी दिसला. फाटक्या कानाचा, गेल्या वर्षीचाच. ऑर्लिनने कोटाच्या खिशात हात घातला. खिशात तिन्ही जातींची काडतुसं गुण्यागोविंदाने नांदत होती. हाताला आलं ते त्याने भरलं, श्वास रोखला आणि चाप ओढला.

मेंढ्यांच्या पाण्याच्या टाकीतून कमरेएवढी चिळकांडी उडाली. कायोटीने चिळकांडीकडे पाहिलं, मग ऑर्लिनकडे पाहिलं आणि रमतगमत टेकाडापलीकडे गेला.

आर्डिस स्वयंपाकघराच्या पायरीवर उभी होती. "कितीची होती ती?" तिने विचारलं.

"माहीत नाही गं," ऑर्लिन म्हणाला. त्याचा आवाज इतका पडला होता की पुढचा टोमणा तिने गिळला आणि टाकीला लावायला डांबर आणून दिलं.

त्या दिवसापासून तो इरेला पेटला. रोज सकाळी कोकरांना दूध पाजून झालं की ताटली ठोकायची आणि जुळवत बसायचं. एक जुळली की दुसरीची शंका, दुसरी जुळली की तिसरीची. ताटल्या संपल्या, मग आर्डिसच्या बिस्किटांच्या डब्याची झाकणं गेली. खांदा वांग्यासारखा जांभळा झाला. कायोटी मात्र दिसेना, आणि तो दिसत नाही म्हणून ऑर्लिनला जास्तच धास्ती.

मे संपत आला तेव्हा दोघांनी कोकरांच्या कानांत बिल्ले ठोकले. शेवटचं कोकरू सोडल्यावर आर्डिस म्हणाली, "एकही कमी नाही रे."

"असं कसं?" ऑर्लिन पुन्हा मोजायला निघाला.

तेवढ्यात डेल्मरची पिकअप धुरळा उडवत आली. डेल्मरचा चेहरा उतरलेला.

"ऑर्लिन, शेवटी कुठली गोळी वापरलीस ते सांग बाबा. माझ्या ओढ्याकाठी कायोटीच्या जोडीने बीळ केलंय. बायकोच्या सहा टर्की गेल्या. ती मला घरात बसू देत नाही! एक तो फाटक्या कानाचा आहे."

आर्डिस आत गेली आणि उरलेल्या काडतुसांची पिशवी आणून डेल्मरच्या हातात दिली.

"रोज सकाळी वीस झाडायच्या," ती म्हणाली. "ताटलीवर. कुठली का असेना, नेम चुकला तरी चालेल. तिसऱ्या दिवसापासून कायोटीची कुई ऐकू येत नाही."

"तुला ठाऊक होतं?" ऑर्लिनने आ वासला. "मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर थांबला असतास."

डेल्मर गेल्यावर ती फोनपाशी गेली. ऑर्लिन दाराशी कान देऊन उभा राहिला.

"नाही गं नदीन," आर्डिस म्हणत होती, "ह्या वर्षी नाही जमायचं. पुढच्याही नाही. ऑर्लिनची दुर्बीण अजून जुळायचीय."