खुनी कोण ते आण्णासाहेबांना ठाऊक होतं

“आता एक सबूद जरी तोंडातनं काढला, तर मी अर्ध्यातनं उठून स्टँडवर जाऊन बसंन,” धाराशिवच्या थेटरात खुर्चीवर टेकता टेकता धुरपदाबाईंनी नवऱ्याला दम दिला.

दम रास्त होता. ‘कण्हेरीचा काढा’ ही कादंबरी आण्णासाहेबांना कॉलेजात असताना सापडली आणि तेव्हापासून सुटली नव्हती. येरमाळ्याच्या द्राक्षबागेत फवारणी चालू असली, तरी हे बांधावर बसून तीच उघडायचे. तिच्यावर सिनेमा निघाल्याचं कळल्यावर त्यांनी दोन दिवस मजुरांनासुद्धा गोडीत हाका मारल्या होत्या. एस्टीत मात्र बायकोला खुनी सांगायचा मोह त्यांनी जीभ चावून आवरला होता.

“न्हाय सांगत. शपथ हाय,” ते म्हणाले.

सिनेमा सुरू झाला. कण्हेरीच्या विषानं इनामदार मेले. वाड्यात संशयितांची रांग लागली: पुतण्या, कारभारी, कोपऱ्यात जपमाळ ओढणारी मावशी, आणि डॉक्टरांचा गरीब कंपाउंडर. कंपाउंडर बाटली हलवत आत आला, तसं धुरपदाबाईंनी पडद्याकडं न बघता नवऱ्याकडं बघितलं.

“ह्यो हाय व्हय?”

“म्या कुठं काय बोललो?” आण्णासाहेब भडकले.

“बोलायला कशाला पायजे? त्यो आला की तुमच्या मिशा हालत्यात.”

अडतीस वर्षांच्या संसारात असा अपमान झाला नव्हता. शपथ पाळूनही चोर ठरायचं म्हणजे काय! आण्णासाहेबांनी रागानं तोंड दुसरीकडं फिरवलं. तिकडं तुळजापूरचे भांड्यांचे व्यापारी सिद्रामप्पा पॉपकॉर्न खात बसले होते. त्यांनी नवरा-बायकोचं बोलणं सगळं ऐकलं होतं. पुढच्या खेपेला कंपाउंडर पडद्यावर आला, तसे तेही आण्णासाहेबांच्या मिशांकडं वाकून बघायला लागले.

“खरंच हालत्यात की हो!” सिद्रामप्पा आनंदानं म्हणाले. “कंपाउंडर, न्हाय का?”

“पडद्याकडं बघा! तिकीट माझ्या तोंडाचं काढलंय का?”

मागून कुणीतरी “श्शू” केलं. आण्णासाहेबांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि कंपाउंडर दिसला की तोंडावर घ्यायला सुरुवात केली. आता चेहरा कुणाला दिसणार नव्हता. पण थोड्याच वेळात मागच्या रांगेतून कुजबुज आली, “टावेल पडला बघ! म्हंजी ह्योच खुनी!”

आण्णासाहेबांचं डोकं तडकलं. मग त्यांनी लोकांना चकवायला पुतण्या आला तरी टॉवेल घेतला, कारभारी आला तरी घेतला, वाड्यातला कुत्रा भुंकला तरी घेतला. ज्या सिनेमासाठी एवढा आटापिटा केला, त्याचा निम्मा भाग त्यांना टॉवेलच्या आत अंधारात ऐकावा लागला. मध्यंतरात चहा घ्यायला गेले, तर दोघातिघांनी गाठून विचारलं, “काका, त्या कुत्र्याचं काय हाय?”

“जत्रा भरलीय का हितं माझी?” आण्णासाहेब गरजले आणि चहा तसाच ठेवून आत आले.

शेवट जवळ आला. इथं कंपाउंडर कबुली देतो, हे कादंबरीतलं त्यांचं सगळ्यात लाडकं प्रकरण. वाक्यन्‌वाक्य पाठ. त्यांनी टॉवेल बाजूला टाकला, नीट सरसावून बसले. पडद्यावर कंपाउंडरनं दार उघडलं, दोन पावलं टाकली आणि तोंडाला फेस येऊन तो धाडकन पडला. मेला.

“आरं, ह्यो कसा मेला?” आण्णासाहेब ताडकन उभे राहिले. “ह्येनं मारायचं हाय! खुनी हाय ह्यो!”

आख्ख्या थेटरानं ऐकलं. तेवढ्यात अंधाऱ्या माजघरातून मावशी आली, हातातली जपमाळ तिनं शांतपणे खुंटीला अडकवली आणि कण्हेरीच्या मुळ्यांचं पातेलं चुलीवरून उतरवलं. बायका किंचाळल्या. सिद्रामप्पांचं पॉपकॉर्न पुढच्याच्या टोपीत गेलं. आण्णासाहेब उभेच होते, तोंड उघडं टाकून.

दिवे लागल्यावर लोकांनी त्यांना घेरलं. “काका, तुमच्या नादानं आमी सगळा वेळ कंपाउंडरवर डोळा ठेवला!”

“मिशावर भरवसा ठेवला की हो आम्ही,” सिद्रामप्पा दुखावल्या स्वरात म्हणाले.

“मला काय सांगता? त्या पिक्चरवाल्याला धरा!” आण्णासाहेबांचा आवाज चिरकला. “कादंबरीत मावशी दुसऱ्याच प्रकरणात काशीला जाती! परत येतच न्हाय!”

परतीच्या एस्टीत ते खिडकीशी बसून धुसफुसत राहिले. कादंबरीचा खून केला, लेखकाचा खून केला, वाचणाऱ्याला काय किंमतच ठेवली नाही. धुरपदाबाईंनी बराच वेळ ऐकून घेतलं.

“मला तर लई आवडला. मावशी आली तवा काटाच आला अंगावर.”

येडशी मागं पडल्यावर आण्णासाहेब हळूच, पण अजून रागातच म्हणाले, “मला कळलंच न्हाय गं. शेवटपतूर कळलं न्हाय.”

“मग?”

“मग काय? पयल्यांदा वाचली तवा असंच झालतं. हात गार पडले हुते.” आणि पुन्हा खिडकीबाहेर बघत, “पर काशीला गेलेल्या बाईला परत आणायचं म्हंजी लईच झालं!”

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारचे लिंबाजी ओसरीवर आले. बायकोला घेऊन तेही दुपारी सिनेमाला निघाले होते.

“कसा हाय पिक्चर, आण्णासाहेब?”

“वाटुळं केलंय कादंबरीचं. पार वाटुळं. जावा, बघून या.”

“जातोच. पर तुमी पुस्तक वाचलंय म्हणून इचारतो, मला न्हाय दम निघत.” लिंबाजी जवळ सरकले. “खुनी कोण हाय ते सांगा की!”

आत तांदूळ निवडणाऱ्या धुरपदाबाईंचा हात थांबला. आण्णासाहेबांनी इकडं तिकडं बघितलं, लिंबाजींच्या कानाशी वाकले आणि अगदी गंभीरपणे म्हणाले,

“कंपाउंडर.”