चंपाबाईच्या कबरीवरचा दुसरा आवाज

ही गोष्ट तुम्ही खरी मानणार नाही. आधीच सांगून ठेवतो! आणि बालाघाटात माझ्या तोंडून लोकांनी काय काय मानलेलं नाही? उकव्याच्या खाणीत सुरुंग लावायला होतो, तेव्हा वाघानं माझी भाकर खाल्ली आणि डबा घासून ठेवला, हे मानलं. हट्ट्याच्या बावडीत पडलो आणि परसवाड्याच्या विहिरीतून निघालो, हेही मानलं. एकानं तर विचारलं, "महागूदादा, वाटेत अंधार होता का?" पण ज्या गोष्टीत माझ्या पदरचा एक शब्द नाही, तीच म्हणे खोटी!

तर ऐका. आमचं घर आजोबांपासून प्रोटेस्टंट. मूर्ती नाही, मेणबत्ती नाही, धूप नाही. चर्चच्या भिंतीवर एक साधा क्रूस आणि एक घड्याळ. पास्टर धर्मेंद्रचा उपदेश रंगला की मंडळी घड्याळाकडं जास्त भक्तीनं पाहतात. मुलगा राकेश चर्चचा सेक्रेटरी. सून रचना मंडल्याकडची, कॅथोलिक घरची. पण लग्न झालं की सून नवऱ्याच्या चर्चात येते, असा आमच्याकडचा रिवाज. आली बिचारी. आणि या सगळ्यांवर मैनाबाई. चंपाबाईची, म्हणजे माझ्या बायकोची, थोरली बहीण. आमच्याकडं हिला आकडसासू म्हणतात. सासू परवडली! मैनाबाई महिला मंडळाची अध्यक्ष. ती प्रार्थनेला उभी राहिली की पंखासुद्धा दबकत फिरतो.

अशा घरात राहून मी ठरवलं, की आपण कॅथोलिक व्हायचं.

हसू नका. गेल्या पावसाळ्यात चंपाबाई गेली. माती दिल्यावर पास्टर म्हणाले, "दादा, बाई प्रभूच्या घरी पोचल्या. आता त्यांच्यासाठी मागायचं काही उरलं नाही." उरलं नाही? जन्मभर मी तिच्यासाठी देवाजवळ काही ना काही मागत आलो. तिचा गुडघा थांबू दे, तिची जीभही जरा थांबू दे. आणि एका दिवसात दुकानाला कुलूप? मग खाणीतल्या एका जुन्या सोबत्याच्या मातीला गेलो, तो कॅथोलिक होता. तिथल्या फादरनं सहज विचारलं, "आपल्या बाईचं नाव काय? मिस्सेत, आमच्या उपासनेत, घेतो." आणि घेतलं! माईकवर, मोठ्यानं, चंपाबाई! मी मागच्या बाकावर बसून असा रडलो, की शेजारच्या बाईनं मला स्वतःचा रुमाल दिला आणि परत मागितला नाही.

फादर म्हणाले, "नाताळात तुम्हाला घेऊ. पण एक अट. घरी आणि तुमच्या चर्चात सांगून या. चोरून नाही."

तिथंच घोडं अडलं. कबरस्तान आमच्या मंडळीचं, आणि नियम असा की मंडळीबाहेरच्याला तिथं माती नाही. चंपाबाईच्या शेजारची जागा मी स्वतः विटा लावून आखून ठेवली होती. सांगितलं तर मेल्यावर तिच्यापासून तुटलो, नाही सांगितलं तर जिवंतपणी तिचं नाव घ्यायला मुकलो. वात दोन्ही टोकांनी पेटलेली!

तरी मी बेत केला. कापणीच्या सणाला आमच्या चर्चात साक्ष देतात. ज्याच्या आयुष्यात देवानं काही केलं, त्यानं उभं राहून सांगायचं. मी कडक इस्त्रीचा सदरा घालून उभा राहिलो. म्हणालो, "मंडळी, माझ्या जीवनात मोठा बदल झाला आहे."

"हालेलुया!" अख्खं चर्च ओरडलं.

"अजून सांगायचं आहे. देवानं मला नवीन वाट..."

"हालेलुया! आमेन!" ढोलकीवाल्यानं तेवढ्यात ढोलकीच वाजवली. पास्टरांनी मला मिठी मारली आणि जाहीर करून टाकलं, की असा आत्म्यानं भरलेला माणूस येत्या वर्षी वडील मंडळात हवाच! मी चर्च सोडायला उभा राहिलो आणि चर्चचा वडील होऊन खाली बसलो. शेजारी बसलेल्या मैनाबाईनं सणाच्या लिलावात घेतलेला भोपळा माझ्या मांडीवर ठेवला. "वजन पेल आता, जवाई."

मग नोव्हेंबर लागला. कॅथोलिक लोक या महिन्यात मेलेल्यांसाठी कबरींवर मेणबत्त्या लावतात. फादरनं मला लोबान दिला, जपमाळ दिली, हिंदीतून प्रार्थना शिकवली. मी रोज दिवेलागणीला गुपचूप कबरस्तानात जाऊ लागलो.

इथून पुढं जरा सरकून बसा.

आमचं कबरस्तान गावाबाहेर, सागाच्या झाडांत. त्या वेळी वैनगंगेवरून धुकं चढतं आणि गुडघ्याएवढं होऊन थांबतं. कबरी दिसत नाहीत, नुसते क्रूस वर, बुडत्या माणसांनी हात वर करावेत तसे. कमरेएवढं वाळकं गवत. चाललं की कुसळं कपड्यांना अशी धरतात, जसं कोणी खालून ओढतंय. सागाचं एकेक पान पत्रावळीएवढं. पडलं की थाप बसते आणि मग सगळं आधीपेक्षा जास्त गप्प होतं.

मी मेणबत्ती लावली. वारा नव्हता. तरी ज्योत हळूहळू कबरीकडं झुकली. कोणी खालून श्वास ओढावा तशी.

आता या जपमाळेची रीत सांगतो. प्रत्येक प्रार्थनेची दोन अर्धुकं. पहिलं एकानं म्हणायचं, दुसरं बाकीच्यांनी. खाणीत एक जण पहार धरतो, दुसरा घण मारतो, तसं. एकटा असेल त्यानं दोन्ही कामं स्वतःच करायची. मी पहिलं अर्धुक म्हटलं आणि दम घ्यायला थांबलो.

आणि दुसरं अर्धुक माझ्या पाठीमागून आलं.

बाईचा आवाज. बारीक, ओला, मातीखालून यावा तसा. शब्द न् शब्द बरोबर, शेवटी "आमेन" सुद्धा! माझ्या अंगावरचा केस न् केस साळिंदरासारखा उभा राहिला. डोक्यावर केस नाहीत, तरी तिथंही काहीतरी उभं राहिलं! मागं वळून पाहिलं नाही. पाहायला मान लागते, आणि मान तेव्हा माझ्या ताब्यात नव्हती. जीभ मात्र सुटली. पुढचं अर्धुक म्हटलं. पुन्हा उत्तर आलं. अशी आख्खी माळ झाली, आणि माळ संपताच मागं गवत सळसळलं, दूर गेलं, विझलं.

दुसऱ्या दिवशी जायला पाय निघत नव्हता. पण न जाणं त्याहून कठीण होतं. कारण घरी बसल्या बसल्या मला एक गोष्ट उमगली होती. चंपाबाईनं संसारात माझं एकही वाक्य कधी पुरं होऊ दिलं नाही! अर्धं मी बोलायचो, उरलेलं ती. मेली तरी सवय तीच!

मी गेलो. आवाज आला. तिसऱ्या दिवशीही आला. मी म्हटलं, "चंपे, थंडी वाजते का गं?" फक्त कोणीतरी नाक ओढल्यासारखं झालं.

आता हे सगळं असंच निवांत चाललं असतं, पण कबरस्तानाचा राखणदार फकिरा त्या दिवशी पालापाचोळा पेटवायला थांबला होता. त्यानं मेणबत्ती पाहिली, धुक्यात उठणारा लोबानाचा धूर पाहिला आणि दोन आवाज ऐकले, एक माझा, एक बाईचा. मग तो पळाला, एक चप्पल तिथंच टाकून! गोलबाजारात पोचेस्तोवर चंपाबाई कबरीवर उभी राहिली होती. बस स्टँडवर पोचेस्तोवर तिनं फकिराकडं तंबाखू मागितली होती. आमच्या गल्लीत बातमी आली तेव्हा ती बैहरच्या बसमध्ये बसून गेलती म्हणे, तिकीट न काढता!

शनिवारी दिवेलागणीला अख्खी मंडळी आमच्या घरी. पास्टर, वडील मंडळ, महिला मंडळ, हातात बायबलं, चेहरे असे की आमच्याच घरात कोणी मेलंय. शेजारच्या बाईनं प्रेमानं लिंबू-मिरची पाठवली. पास्टरांनी ती फेकायला लावली, पण दाराबाहेर फेकली की दारालाच टांगली, हे मी नीट पाहिलं नाही. तेवढ्यात लाईट गेली. कोणाच्या तरी मोबाईलचा उजेड खालून वर पडला आणि सगळी मंडळी स्वतःची भुतं दिसू लागली.

मैनाबाई नाक वर करून थांबली. "वास येऊन राह्यला. धुपाचा. कबरीचा! पाहा, इथूनच येते!"

वास माझ्या स्वेटरला होता. सगळे माझ्याभोवती गोल होऊन, पण हातभर लांब.

राकेश एक पाऊल पुढं आला. "बाबा, काय होऊन राह्यलं हे? फकिरा म्हंते तुमी आईसंग बोलता. सच सच सांगा. रोज सांजेले कुठं जाता?"

रचना स्वयंपाकघराच्या दारात उभी. पदराचं टोक तोंडात. तिनं माझ्याकडं पाहिलं, मी तिच्याकडं.

म्हटलं, महागू, हीच वेळ! साक्षीला जे जमलं नाही, ते आज कोणी हालेलुया म्हणून तोडणार नाही. मी खुर्चीवरून उठलो.

"हौ, जातो. तुह्या मायसाठी प्रार्थना करतो. कॅथोलिक लोकाईची प्रार्थना. अन् नाताळात मी कॅथोलिक होऊन राह्यलो."

बाहेर सागाचं पान नाही, तरी खिडकीवर कायतरी थाप बसली.

"आमाले सोडून चाल्ले तुमी?" राकेश म्हणाला. एवढा मोठा बाप्या, पण शाळेच्या फाटकाशी सोडलेल्या पोरासारखा.

"तुमाले नाही रे सोडून. तुह्या मायच्या मांगं चाल्लो."

"अन् कबरस्तान?" वडील मंडळातून कोणी म्हणालं. "मंडळीबाहेरच्याले जागा नाही, दादा."

तिथं माझी छाती फाटली. आणि छाती फाटली की माझी जीभ कामाला लागते, हे तुम्हाला आता ठाऊक आहेच.

"जागा तुमी देनारे कोन?" मी आवाज खाली उतरवला. "चंपाबाईनं सोता बोलावलं मले! मी अर्धी प्रार्थना म्हनतो, अर्धी थे म्हनते. मातीखालून! प्रोटेस्टंट म्हनून मेली, अन् तिकडं जाऊन कॅथोलिक झाली! म्हंते, जवळच येजो, मले एकटीले भेव वाटते."

महिला मंडळातली एक बाई हळूच दुसरीच्या मांडीवर बसली. पास्टर धर्मेंद्र म्हणाले, "भूतबित बायबलात बसत नाही, दादा," पण म्हणताना दोन्ही पाय खुर्चीवर घेतलेले. मग कपाळ पुसून म्हणाले, "जागा तुमचीच. जा, कॅथोलिक व्हा, काय व्हायचं ते व्हा! पण उद्यापासून तुम्ही दोघांनी तिथं बोलणं बंद करा!"

जिंकलो! वाघाच्या डब्यानंतर एवढं यश मला मिळालं नव्हतं. राकेश डोळे पुसत होता. फक्त मैनाबाई हलली नव्हती.

"काय म्हंते माही बहीन?" तिनं विचारलं. "शब्दन् शब्द सांग, जवाई."

सांगायचं नव्हतं. पण रंगलेल्या माणसाला कोण थांबवणार? मी डोळे मिटले, आवाज बारीक केला, ओला केला, हात वर केले.

"प्रार्थना कर हम पापियों के लिए... अब... और हमारे मरने के समय..."

कुणीतरी हुंदका दिला. मैनाबाई उठली. बायबल काखेत मारलं.

"पास्टरजी, जागा दिली ते दिली. आता फिरवायची नाही, माही बहीन एकटी नाही पडाची." मग माझ्याकडं वळली. "पन जवाई, तू खोटारडा! मेलेली बाई 'मरने के समय' काहून मागन? तिचा थो वख्त पावसाळ्यातच होऊन गेला ना! हे मागनं जित्या मानसाचं हाय!"

तेवढ्यात वाऱ्यानं लिंबू-मिरची दारावर आपटली. दारावरच टांगली होती तर!

मैनाबाईनं मोबाईल ओढून घेतला आणि उजेड स्वयंपाकघराच्या दाराकडं केला. खाली. जमिनीपाशी.

"अन् रचना, बाई, तुह्या लुगड्याले एवढी कुसळं कुठची वो?"