मास्तरांच्या मास्तरणीचा बाप

स्वप्नालीला सांगलीत टीचर ट्रेनरची नोकरी लागली आणि तिचा बाप बिराप्पा जमिनीवर राहिना.

"टीचर ट्रेनर म्हंजे गं काय?" त्यानं फोनवर विचारलं.

"आबा, मास्तरांनी कसं शिकवायचं, ते मी मास्तरांना शिकीवती."

एवढं कानात पडलं आणि गडी फोन चालू ठेवूनच पारावर गेला. पोरगी तिकडं हॅलो हॅलो करतेय, हा इकडं सांगतोय, "पोरास्नी मास्तर शिकीवतो. आन् मास्तरला कोन शिकीवतं? माजी स्वप्नाली!"

आता आटपाडीकडच्या त्या धनगरवाडीचा एक जुना कायदा होता. मेंढरांवरचं कुत्रं कुणाच्या कोंबडीवर गेलं, तर कुत्र्याला कुणी बोलत नाही. ज्यानं त्याला वळण लावलं, त्याच्या दारात जाऊन भांडायचं. वाडीनं तोच कायदा ट्रेनरला लावला.

सोमवारी उजाडताच तानुबाई दारात हजर. "बिराप्पा, इंद्रजित गुरुजी फळ्याकडं तोंड करून पुटपुटत्यात. नातवाला कायबी कळत न्हाई. असलं कसलं वळण लावलंय तुज्या पोरीनं?"

"अगं तानुआक्का, तिनं त्यांचं तोंडबी बघितलं न्हाई अजून!"

"मग मास्तरला शिकीवतं कोन? तूच बोंबलत हुतास की पारावर!"

मागोमाग अर्जुना आला. गुरुजी वर्गात मोबाईल बघतात. मग धोंडुबाई आली. गुरुजी अकराला उगवतात. सगळ्यांचं ठरलं, शनिवारी स्वप्नाली शिक्षणखात्याच्या साहेबाला घेऊन आपल्याच शाळेत ट्रेनिंगला येणार आहे, तेव्हा साहेबासमोरच जाब विचारायचा.

बिराप्पाला घाम फुटला. पोरीची पहिलीच नोकरी, पहिलंच ट्रेनिंग, आणि बापाच्या तोंडापायी तिची शोभा होणार. त्यानं काठी घेतली, घोंगडं खांद्यावर टाकलं आणि थेट इंद्रजित गुरुजींच्या चौथीच्या वर्गात जाऊन शेवटच्या बाकावर बसला.

"काय काम होतं, आबा?" गुरुजींनी विचारलं.

"काय न्हाई. ट्रेनरचा बाप हाय मी. चालू द्या तुमचं."

गुरुजींच्या हातातला खडू मोडला. मोबाईल गुपचूप टेबलाच्या खणात गेला. दुसऱ्या दिवशी गुरुजी सव्वादहाला आले, तर बिराप्पा आधीच बाकावर. तो आठवड्यात एकदाच बोलला, "आवाज वाडवा गुरुजी. म्होरच्या मेंढराला हाळी दिली, तर मागच्याला बी कळाय पायजे."

शुक्रवारपर्यंत पोरं खडखडा पाढे म्हणायला लागली आणि तानुबाईचं भांडणच वाळून गेलं. पण बिराप्पाला आता नवीनच भ्या. पोरीला न विचारता तिच्या नावानं आपण शाळेत दम देत बसलो, हे तिला कळलं तर?

शनिवारी आजूबाजूच्या वाड्यांचे बारा मास्तर जमले. साहेब खुर्चीत बसले. बिराप्पा खिडकीबाहेर भिंतीला चिकटून उभा. स्वप्नालीनं फळ्यावर शब्द लिहिला, मेंटॉर.

"याचा अर्थ कोण सांगेल?"

एकानं मोबाईलवरून वाचलं, "अनुभवी मार्गदर्शक." साहेबांनी जांभई दिली.

इंद्रजित गुरुजी उठले. बिराप्पानं डोळे मिटले. मेलो आता!

"मॅडम, अर्थ खिडकीबाहेर उभा आहे," गुरुजी म्हणाले. "पाच दिवस मागं बसले. रागावले नाहीत, साहेबांकडं गेले नाहीत. पण ते बसलेत म्हणून मला नीट शिकवावंसं वाटलं. घरी जाऊन धड्याची तयारी केली मी, चार वर्षांत पहिल्यांदा."

साहेबांची जांभई अर्ध्यावर राहिली. स्वप्नाली खिडकीशी आली.

"आबा, तुमी?"

"मी काय केलं न्हाई गं. निस्ता बसलोय."

ती हसली, वळली आणि साऱ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हे माझे वडील." बिराप्पाला घोंगड्याच्या टोकानं डोळे पुसावे लागले.

सोमवारी शेजारच्या वाडीचे हेडमास्तर मोटरसायकल घेऊन दारात. "आबा, आमच्या शाळंत बी आठ दिवस बसा की. न्यायला गाडी पाठवतो."

बिराप्पा पाटी काखेत मारून निघालाच होता.

"जमायचं न्हाई, सायेब. माजा सतराचा पाढा चाललाय. आन् आमच्या गुरुजीस्नी खाडा केल्याला चालत न्हाई!"