बक्षिसाचा बोकड

“मॅच सुरू व्हाची हाय अजून, अन् तुमी बोकड कापून मोकळे झाले?” पुष्पाबाईंनी चुलीजवळून विचारलं.

“अवं, सुरू व्हाची हाय म्हणूनच तं कापला,” इश्वर म्हणाला. “संपल्यावर कापला असता तं शिजला कवा असता? दंडार सुरू व्हाच्या आंधी पाहुण्यायले जेवू घालाचं हाय का नाई?”

“अन् हरले तं?”

“कोण?”

इश्वरनं हे इतक्या निरागसपणे विचारलं, की पुष्पाबाई चुलीत लाकूड सारायला वळल्या.

तसं पाहिलं तर इश्वरचं काही चुकत नव्हतं. दिवाळी उलटली की दिघोरीत मंडई भरते. घरोघर लेकी-जावई, सोयरेधायरे येतात. दिवसभर जत्रा, दुपारून तलावाच्या पाळीखालच्या मैदानावर फुटबॉलची फायनल आणि अंधार पडला की दंडारीचा, म्हणजे नाच-गाण्याच्या लोकनाट्याचा, खेळ. जिल्हाभरातून संघ येतात, पहिलं बक्षीस म्हणून बोकड असतो. हा बोकड सकाळी हार घालून मैदानाला एक फेरी मारायचा, दुपारी दिघोरीचा संघ जिंकायचा आणि संध्याकाळी सारं गाव मिळून बोकड खायचं. बक्षिसानं गावाची शीव ओलांडल्याचं कोणाला आठवत नव्हतं. तेव्हा फायनल म्हणजे मटण शिजेपर्यंत वेळ काढायची एक बरी सोय, एवढंच दिघोरीच्या समर्थकांचं तिच्याबद्दल मत होतं.

या समर्थकांचा म्होरक्या इश्वर. त्यानं जन्मात कधी बॉलला पाय लावला नव्हता, पण बाहेर उभं राहून कोणी कुठं पळायचं हे त्याच्याइतकं कोणालाच कळत नव्हतं. बक्षीस सांभाळायचा मान त्याचाच. यंदा तर बोकडही त्याच्याच घरचा. मंडईच्या सभेत अध्यक्ष वासुदेवरावांनी, “यंदा बोकड कोण देते?” असं विचारलं, तेव्हा इश्वरचा हात आधी वर गेला आणि घरी बायको आहे हे नंतर आठवलं. पुष्पाबाईंच्या लाडक्या मैना बकरीचा तो बोकड. “द्या बाप्पा,” एवढंच त्या म्हणाल्या होत्या, “गाव तुमचा, बॉल तुमचा, फक्त बकरी माही.” त्यानंतर त्या विषयावर एक शब्द नाही. बाईचा राग गेला, असं इश्वरनं धरून घेतलं. लग्नाला इतकी वर्षं झालेल्या माणसानं असं धरून चालू नये, पण असो.

समोर संघ होता बपेऱ्याचा. पार जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाचा, मध्यप्रदेशाला लागून. पोरं पिकअपमध्ये उभी राहून आली होती. धड एका रंगाच्या चड्ड्या नव्हत्या. ते पाहूनच इश्वरनं जागेश्वर आचाऱ्याला निरोप पाठवला, “मसाला वाटायले घे.”

पहिला अर्धा खेळ झाला तेव्हा शून्य-शून्य होतं. “पोट्टे दमवून राहिले त्यायले,” इश्वरनं सगळ्यांना समजावून सांगितलं. मधल्या सुट्टीत बपेऱ्याची पोरं पाणी प्यायला पाळीवरून गावात गेली आणि तोंड पुसत परत आली. परत आली ती जणू दुसरीच पोरं!

पहिला गोल झाला तेव्हा वासुदेवराव माइकवर म्हणाले, “पाहुण्या संघाचं अभिनंदन! खेळात असं होत असते.” दुसऱ्याला म्हणाले, “होत असते.” चौथ्याला नुसतं, “हं.” सातवा गोल झाला तेव्हा त्यांनी पाळीवर उभ्या असलेल्या मोटरसायकलच्या मालकाला गाडी बाजूला घ्यायची सूचना दिली. दिघोरीचा गोलकीपर भूपेंद्र शेवटी शेवटी बॉल जाळीतून काढून स्वतःच बपेऱ्याच्या हातात देत होता, तेवढाच त्यांचा वेळ वाचावा म्हणून. शिट्टी वाजली तेव्हा नऊ-शून्य झालं होतं.

मैदानातच समर्थकांनी एकमेकांना धीर द्यायला सुरुवात केली.

“ऊन डोळ्यात जाऊन राहिलं होतं आपल्या पोट्ट्यायच्या.”

“अबे, ऊन पाठीमागं होतं.”

“मंग पाठ तापली असन!”

“अर्धी टीम तं मध्यप्रदेशची हाय त्यायची.”

“नऊपैकी चार गोल आपल्याच पोट्ट्यायच्या पायाले लागून गेले,” सोमाजी म्हणाला. “मंग ते आपलेच झाले ना? असा हिशोब केला तं पाच-चार होते. टक्कर दिली गड्या आपण!”

ही गोष्ट सगळ्यांना एकदम पटली. पाच-चार म्हणजे काही वाईट नव्हतं. दोघातिघांनी सोमाजीची पाठ थोपटली, आणि बहुतेक जण जड अंतःकरणानं घराकडं वळले. त्यांचे पाय इश्वरच्या घराकडं वळले होते, हे इश्वरच्या ध्यानात आलं नाही. कारण त्याच वेळी वासुदेवरावांनी माइकवर पुकारलं, “इश्वरभाऊनं बक्षिसाचा बोकड घेऊन मंचावर यावं.”

इश्वर मंचामागं धावला.

“वासुदेवराव, बोकड गंजात हाय.”

“कोनच्या गंजात?”

“मटणाच्या.”

वासुदेवरावांनी माइकवर हात ठेवला. “अबे, सबन जिल्ह्याचे पाहुणे बसून हायेत! दिघोरीनं बक्षीस खाल्लं म्हणतीन लोकं. पुढच्या साली कुत्रं येईन का इथं खेळायले? तूच जबाबदार हाय बोकडाले. कुठूनही पैदा कर. तोवर मी भाषण करतो.”

इश्वर पळाला. पण मंडईच्या दिवशी दिघोरीत बोकड शोधायचा म्हणजे होळीच्या दिवशी कोरडा माणूस शोधण्यासारखं. ज्या दारात जावं तिथं फोडणीचा वास. कोणी म्हणे, “पाय उरले हायेत, चालतीन का?” शेवटी तो स्वतःच्याच घरामागच्या गोठ्यात येऊन उभा राहिला. तिथं मैना शांतपणे रवंथ करत होती. काळीभोर, अगदी आपल्या लेकासारखी. लांबून पाहिलं तर आई कोण आणि बोकड कोण, कळू नये.

जवळून पाहिलं तर मात्र कळत होतं. मैना नुकतीच पुन्हा व्यायली होती आणि कास टम्म भरलेली होती.

घरात पाहुण्यांचा गलका होता. पुष्पाबाई दिसल्या नाहीत, हे नशीबच. मैना गेली म्हणून समजल्यावर त्या आपल्याला घरात घेणार नाहीत, हे इश्वरला पक्कं माहीत होतं. पण साऱ्या जिल्ह्यानं नावं ठेवण्यापेक्षा एका बाईनं नावं ठेवणं त्यातल्या त्यात स्वस्त, असा विचार करून त्यानं दावं सोडलं. मंचामागून सत्काराची एक शाल उचलली, मैनेच्या पाठीवर टाकली आणि पोटाखालून गाठ मारली. कास झाकली गेली.

मंचावर वासुदेवरावांचं भाषण खेळाडूंच्या आहारापासून सुरू होऊन धानाच्या भावापर्यंत पोचलं होतं. इश्वरला पाहताच त्यांनी ते आहे तिथंच सोडलं.

“हा पाहा आपला बोकड! मंडळानं यंदा बोकडाचाही सत्कार केला आहे!”

टाळ्या पडल्या. बपेऱ्याचा कप्तान कमलेश पुढं आला. सडपातळ, हसऱ्या तोंडाचा पोरगा. त्यानं बोकडाकडं पाहिलं, इश्वरकडं पाहिलं.

“काका, सकाळी याच्या गळ्यात हार होता.”

“खाल्ला त्यानं.”

“शिंगं लहान झाल्यासारखे दिसून राहिले.”

“थंडी पडून राहिली ना बाबू आता,” इश्वर म्हणाला. याचा शिंगांशी काय संबंध, हे त्यालाही माहीत नव्हतं.

प्रकरण एवढ्यावर निभावलं असतं. पण गोठ्याचं फाटक उघडं राहिलं होतं. लोकांच्या पायांमधून “मेंऽ मेंऽ” करत मैनेचं इवलंसं पिल्लू मंचावर चढलं, सरळ शालीखाली शिरलं आणि शेपूट हलवत चुटूचुटू पिऊ लागलं. मैनेनं डोळे मिटून घेतले.

कमलेशनं वाकून शालीखाली पाहिलं.

“काका,” कमलेश म्हणाला, “तुमचा बोकड दूध पाजून राहिला.”

“लय मायाळू हाय तो,” वासुदेवराव माइकवर म्हणून गेले.

मग जो हशा उठला, तो तलावाच्या पलीकडच्या काठावर ऐकू गेला असेल. धान राखणारी माणसं बांध्यांमधून उठून पाहायला लागली. इश्वरला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. त्यानं कमलेशपुढं हातच जोडले.

“बाबू, खरं सांगतो. बोकड कापला. आमी जिंकू असंच वाटलं होतं रे आमाले.”

“आमाले माईत हाय काका,” कमलेश म्हणाला.

“माईत हाय?”

“मंग! सुट्टीत पाणी प्याले गेलो तं एका मावशीनं पाणी देल्लं. लय सुंदर वास येऊन राहिला होता. मी म्हणलो, मावशी, काय शिजते वो? तं मावशी म्हणे, तुमचं बक्षीस शिजते बाबू. तुमी हरलेच म्हणून धरलं हाय त्यायनं. पण लवकर लवकर गोल मारसान तं गरम खायले भेटन.” त्यानं डोकं खाजवलं. “तोवर खरं सांगाचं तं आमचं काही मन लागत नव्हतं खेळात. गाडीत उभं राहून राहून पाय गेले होते.”

इश्वरनं गर्दीत पाहिलं. पाळीच्या उतारावर, पदर डोक्यावर घेऊन, पुष्पाबाई उभ्या होत्या. चेहरा असा, की जणू कोणाच्या तरी दुसऱ्याच गावची गोष्ट चाललीय.

“तूनं सांगतलं?” इश्वर ओरडला.

“त्यायनं विचारलं, मी सांगतलं,” पुष्पाबाई म्हणाल्या. “खोटं कायले बोलू? अन् आंधी माही मैना सोडा.”

“जाऊ द्या काका,” कमलेश म्हणाला. “जित्ता बोकड नेऊन तरी काय करतो आमी? शिजलाच हाय तं वाढा. पोट्टे भुकेले हायेत.”

इश्वरच्या डोळ्यांत पाणी आलं. किती मोठ्या मनाची पोरं! वासुदेवरावांनी तर माइकवरून बपेऱ्याचा जयजयकारच केला. सगळी वरात इश्वरच्या घराकडं निघाली. पुढं बपेऱ्याची पोरं, मागं अर्धं मैदान.

अंगणात दिघोरीचे समर्थक पळसाच्या पत्रावळी पुढं घेऊन ओळीनं बसले होते. दुःख फार मोठं होतं आणि ते प्रत्येकानं आपापल्या परीनं गिळलं होतं. सोमाजीला पाच-चारचा हिशोब सांगून सांगून घाम फुटला होता. भूपेंद्र शेवटचं नळीचं हाड ओढत होता. मैदानात नऊ गोल सोडणाऱ्या या पोरानं इथं एकही बोटी हातची जाऊ दिली नव्हती.

“जागेश्वर, रस्सा तरी?” इश्वरनं बारीक आवाजात विचारलं.

जागेश्वरनं गंज आडवा करून दाखवला. “लय हळहळून राहिले होते लोकं, इश्वरभाऊ. नाई म्हणवलं नाई.”

आता मात्र कमलेशच्या तोंडावरचं हसू गेलं. त्याची पोरं कुजबुजायला लागली. वासुदेवरावांना एकाएकी दंडारीच्या पडद्याचं काहीतरी आठवलं आणि ते नाहीसे झाले.

“हे पाहा,” कमलेश म्हणाला, “बक्षीस घेतल्याबिगर आमी जाणार नाई. गावी काय तोंड दाखवाचं? बोकड द्या, नाईतर जो जबाबदार हाय तो द्या.”

हे तो रागानं बोलून गेला असणार. पण पुष्पाबाईंनी ते फार मनावर घेतलं. त्या आत गेल्या आणि एका पिशवीत इश्वरचा एक सदरा, टॉवेल आणि चादर भरून बाहेर आल्या.

“घेऊन जा बाबू. बोकड भेटला का पाठवतो, मंग वापस द्या. खायले लागते जरा जास्त, बाकी मारकुटा नाई.”

“अवं पुष्पा!” इश्वर म्हणाला.

“जबाबदारी तुमची हाय ना? मंग जा.”

पाहुण्यांसमोर इश्वरला नाही म्हणता येईना. दंडारीची पहिली ढोलकी वाजली तेव्हा पिकअप गावाबाहेर पडली, आणि मागं बपेऱ्याच्या पोरांच्या मधोमध दिघोरीचं बक्षीस उभं होतं.

वासुदेवरावांना त्या रात्री झोप लागली नाही. त्यांनी घरोघर फिरून वर्गणी केली. ज्यांनी ज्यांनी मटण खाल्लं होतं त्यांनी मान खाली घालून दिली, आणि तिसऱ्या दिवशी वासुदेवराव बाजारातून एक दणकट बोकड घेऊन पुष्पाबाईंच्या दारात आले.

“वहिनी, हा बपेऱ्याले पाठवा अन् इश्वरले सोडवून आणा. गावाले शोभत नाई हे.”

पुष्पाबाईंनी बोकडाच्या पाठीवरून हात फिरवला, दात पाहिले. जनावर चांगलं होतं. “पाठवतो,” म्हणाल्या आणि वासुदेवराव वळल्यावर त्यांनी तो गोठ्यात मैनेच्या शेजारी बांधला. मग फोन लावला.

“कमलेशबाबू, मी दिघोरीहून मावशी बोलतो. नाई रे, बोकड कुठी भेटून नाई राहिला. आठ-पंधरा दिवस लागतीन असं दिसते. तिकडं धान कापणी निघाली असन तं काकाले लाव कामाले.”

तिकडून कमलेशचं उत्तर यायच्या आधी मागून मोठ्यानं इश्वरचा आवाज आला, “सांग तिले, काही घाई नाई म्हणा! इतवारी आमची फायनल हाय!”

“आमची?” पुष्पाबाईंनी विचारलं.

“काका आमचेच झाले आता मावशी,” कमलेश म्हणाला. “कोण कुठं पळाचं ते बाहेरून सांगतेत. अन् पाव्हणे आले का सबनायले सांगतेत, का दिघोरीले आमी नऊ-शून्यानं कसं हरवलं.”

पुष्पाबाईंनी फोन ठेवला आणि नव्या बोकडापुढं चाऱ्याची पेंढी टाकली.